आठशे वर्षे परक्यांना शिकवणारे सालामांका

स्पेनच्या पश्चिम भागात, माद्रिदपासून सुमारे २१० किलोमीटरवर, तोर्मेस नदीच्या उजव्या काठाला सालामांका नावाचे शहर आहे. लोकवस्ती दीड लाखाच्या आत, समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ८०० मीटर, हिवाळ्यात पारा शून्याखाली. जवळच्याच वियामायोर गावच्या खाणीतल्या वालुकाश्माने हे शहर बांधले आहे. हा दगड खाणीतून निघतो तेव्हा ओलसर आणि मऊ असतो, म्हणून त्यावर बारीक कोरीवकाम करता येते. पुढे हवा लागून तो टणक होतो आणि त्यातल्या लोहामुळे त्याला सोनेरी झाक येते. संध्याकाळच्या उन्हात सगळे शहर उजळून निघते, म्हणून स्पॅनिश लोक त्याला ‘ला दोरादा’, म्हणजे सोन्याने मढलेली, असे म्हणतात. १९८८ साली युनेस्कोने या जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

पण सालामांकाचे खरे नवल दगडात नाही, तिथल्या विद्यापीठात आहे. १२१८ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ आजही चालू आहे. स्पॅनिश भाषिक जगात इतके जुने दुसरे विद्यापीठ उरलेले नाही. आठ शतकांत इथे पोर्तुगालचे वैद्य शिकले, आयर्लंडचे धर्मोपदेशक शिकले, आणि आज जगभरातून मुलेमुली केवळ स्पॅनिश शिकायला किंवा स्पॅनिशमधून पदवी घ्यायला येतात. परदेशी जाऊन परक्या भाषेत शिकणे म्हणजे काय असते, ते समजून घ्यायचे तर याहून चांगले ठिकाण सापडणे कठीण.

राजाचा हुकूम, पोपची मोहोर

लेओनचा राजा आल्फोन्सो नववा याने १२१८ मध्ये सालामांकात विद्यालय उघडले. आपल्या राज्यातल्या मुलांना शिकण्यासाठी बाहेर जावे लागू नये हा त्यामागचा उद्देश. शेजारच्या कास्तिया राज्यात पालेन्सियाला असेच एक विद्यालय काही वर्षे आधी निघाले होते, पण ते टिकले नाही. सालामांका टिकले, कारण त्याला पैसा आणि कायदा या दोन्हींचे पाठबळ मिळाले. १२५४ साली राजा आल्फोन्सो दहावा याने विद्यापीठाला सनद दिली. कायद्याच्या, वैद्यकाच्या, तर्कशास्त्राच्या, व्याकरणाच्या अध्यापकांचे पगार तीत ठरवून दिले होते. संगीत शिकवणाऱ्याची आणि ग्रंथ सांभाळणाऱ्याची तरतूदही तीत होती. राज्याच्या खर्चाने ग्रंथांची व्यवस्था ठेवणारे युरोपातले हे अगदी सुरुवातीचे विद्यापीठ. पुढच्याच वर्षी पोप आलेक्झांडर चौथा याने इथल्या पदवीला मान्यता दिली, त्यामुळे इथला पदवीधर इतर देशांतही शिकवण्यास पात्र ठरू लागला. पदवी एका देशाची आणि मान्यता अनेक देशांत, ही कल्पना आज आपल्याला सरकारी करारांतून ओळखीची आहे. ती तेराव्या शतकात इथे व्यवहारात होती.

संगीताच्या त्या अध्यासनावर पुढे १५६७ मध्ये फ्रान्सिस्को दे सालिनास हा लहानपणापासून अंध असलेला संगीतकार आला. वीस वर्षे त्याने तिथे शिकवले. १५७७ साली छापलेल्या आपल्या लॅटिन ग्रंथात त्याने शास्त्राबरोबरच रस्त्यावर गायल्या जाणाऱ्या लोकगीतांच्या चालीही नोंदवून ठेवल्या. आज स्पेनच्या लोकसंगीताचे अभ्यासक त्या नोंदींना अमूल्य मानतात.

प्राध्यापक निवडणारे विद्यार्थी

जुन्या सालामांकातल्या विद्यार्थ्यांचा अधिकार वाचून आजचा विद्यार्थी थक्क होईल. विद्यापीठाचा रेक्तोर, म्हणजे कुलगुरूच्या जागेवरचा मुख्य अधिकारी, विद्यार्थ्यांमधून दर वर्षी निवडला जाई. वेगवेगळ्या प्रांतांतल्या आणि राज्यांतल्या विद्यार्थ्यांचे गट असत. पोर्तुगालहून आलेल्यांनाही त्यात प्रतिनिधित्व असे. अध्यासन रिकामे झाले की उमेदवार विद्यार्थ्यांसमोर व्याख्यान देत आणि मग विद्यार्थी मतदान करीत. विद्यार्थी किती वर्षे शिकला आहे, त्यावर त्याच्या मताचे वजन ठरे. या पद्धतीत लाच, दमदाटी आणि मारामाऱ्याही शिरल्या, म्हणून सतराव्या शतकात ती बंद झाली. पण तोवर स्पेनमधले अनेक थोर अध्यापक विद्यार्थ्यांच्या मतांवर निवडून आलेले होते.

शिकवण्याच्या पद्धतीतही एक विलक्षण नियम होता. तास संपला की अध्यापकाने वर्गाबाहेरच्या ओसरीतल्या खांबापाशी उभे राहायचे आणि विद्यार्थ्यांच्या शंकांना उत्तरे द्यायची. वर्गात लॅटिनमधून भराभर सांगितलेले ज्याला कळले नाही, त्याने तिथे विचारायचे. आज स्पेनच्या प्रत्येक विद्यापीठात ‘तुतोरिया’ नावाची वेळ असते. आठवड्यातले ठरावीक तास प्राध्यापक आपल्या खोलीत विद्यार्थ्यांसाठी थांबतात आणि त्या तासांचे वेळापत्रक जाहीर केलेले असते. परदेशी विद्यार्थ्याला या सोयीची सर्वांत जास्त गरज असते, आणि संकोचामुळे तोच तिच्याकडे सर्वांत कमी जातो.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे सहा हजारांहून जास्त विद्यार्थी होते. श्रीमंतांची मुले नोकरचाकर घेऊन येत, मध्यम घरची मुले पदवीधराने चालवलेल्या खाणावळीवजा घरात राहत, आणि गरीब मुले मठांच्या दारात वाटल्या जाणाऱ्या सूपवर दिवस काढीत, रात्री वाद्ये वाजवून चार नाणी मिळवीत. काळा झगा आणि रंगीत फिती लावून गाणारी विद्यार्थ्यांची ‘तूना’ मंडळी आजही सालामांकाच्या चौकात दिसतात. त्यांची परंपरा या गरीब विद्यार्थ्यांपर्यंत नेऊन पोचवली जाते.

परीक्षेची रात्र आणि भिंतीवरचे नाव

जुन्या कॅथीड्रलच्या ओवरीत सांता बार्बारा नावाचे छोटे देवघर आहे. मधोमध एका बिशपची दगडी समाधी आहे. वरची पदवी घेणारा उमेदवार परीक्षेच्या आदल्या रात्री इथे एकटा बसून तयारी करी. समाधीवर कोरलेल्या बिशपच्या पायांना आपले पाय टेकवून बसले की त्याची विद्या आपल्यात येते अशी समजूत होती. दुसऱ्या दिवशी परीक्षकांसमोर तोंडी परीक्षा. उत्तीर्ण झालेला मुख्य दाराने बाहेर पडे आणि बाहेर थांबलेले लोक त्याचा जयजयकार करीत. नापास झालेला गाड्यांच्या दाराने निघून जाई. उत्तीर्ण झालेल्याने साऱ्या गावाला मेजवानी द्यायची असे, बैलांच्या झुंजीचा खर्च करायचा असे, आणि मग त्याचे नाव ‘व्हिक्तोर’ या विजयचिन्हासह तांबड्या रंगात भिंतीवर लिहिले जाई. त्या रंगात बैलाचे रक्त मिसळत, असे परंपरा सांगते. शहराच्या सोनेरी भिंतींवर ती तांबडी नावे शतकानुशतके टिकून आहेत.

विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवर सोळाव्या शतकात केलेले अत्यंत नाजूक कोरीवकाम आहे. त्यात उजवीकडे एका कवटीवर बसलेला छोटासा बेडूक आहे. कोणी न दाखवता जो त्याला शोधून काढील तो परीक्षेत पास होईल, अशी विद्यार्थ्यांची श्रद्धा आहे. दारासमोर मान वर करून बेडूक शोधणारे नवे विद्यार्थी कुठल्याही ऋतूत दिसतात.

आकाश, समुद्र आणि माणसाचे हक्क

पंधराव्या शतकाच्या शेवटी विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या छतावर फेर्नांदो गायेगो या चित्रकाराने राशी, नक्षत्रे आणि वारे रंगवले. त्या छताचा उरलेला भाग ‘सालामांकाचे आकाश’ या नावाने आज जवळच्याच इमारतीत मंद प्रकाशात जपून ठेवला आहे. खगोल इथे नुसता चित्रात नव्हता. याच शहरात जन्मलेल्या आब्राहाम साकूतो या ज्यू खगोलशास्त्रज्ञाने ग्रहगणिताची कोष्टके तयार केली. १४९२ साली ज्यूंना स्पेनमधून घालवून दिले, तेव्हा तो पोर्तुगालला गेला. त्याच्या कोष्टकांचा आधार घेत पोर्तुगीज दर्यावर्दी सूर्याच्या उंचीवरून अक्षांश काढू लागले, आणि त्याच विद्येच्या बळावर वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोचला.

कोलंबसाच्या योजनेची छाननीही १४८६-८७ च्या हिवाळ्यात सालामांकात झाली. तिथल्या पंडितांनी त्याला नकार दिला, म्हणून पुढे त्यांना अज्ञानी ठरवण्याची प्रथा पडली. वस्तुस्थिती उलट आहे. पृथ्वी गोल आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. कोलंबसाने तिचा घेर फार लहान धरला आहे, आशिया त्याच्या म्हणण्यापेक्षा खूप दूर आहे, हा त्यांचा आक्षेप होता आणि तो बरोबर होता. वाटेत अमेरिका लागली म्हणून कोलंबस वाचला. पुढे १५६१ च्या नियमावलीत खगोलाच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांच्या इच्छेनुसार कोपर्निकसचा ग्रंथ शिकवायची मुभा दिली गेली. युरोपातल्या बहुतेक विद्यापीठांत तेव्हा ते नाव पाठ्यक्रमात नव्हते.

१५२६ मध्ये धर्मशास्त्राच्या प्रमुख अध्यासनावर फ्रान्सिस्को दे वितोरिया आला. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भूमीवर स्पेनचा हक्क कशाच्या आधारावर, असा प्रश्न त्याने १५३९ च्या व्याख्यानात उघडपणे मांडला. ते लोक ख्रिस्ती नसले तरी आपल्या जमिनीचे आणि मालमत्तेचे खरे मालक आहेत, हा त्याचा सिद्धान्त. सम्राट कार्लोस पाचवा याने त्याच वर्षी असे विषय चर्चेला घेऊ नयेत म्हणून पत्र धाडले. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या जनकांमध्ये वितोरियाची गणना होते. जिनिव्हातल्या संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीतील एका भव्य सभागृहाला त्याचे नाव आहे. त्याच्या परंपरेतल्या मार्तीन दे आस्पिलकुएता याने १५५६ मध्ये लिहिले की अमेरिकेतून आलेल्या सोन्याचांदीमुळे देशात पैसा वाढला आणि म्हणून वस्तू महाग झाल्या. महागाईची ही मीमांसा आज अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

या स्वातंत्र्याची किंमतही मोजावी लागली. फ्राय लुईस दे लेओन या कवी-अध्यापकाने बायबलमधल्या एका काव्याचे स्पॅनिश भाषांतर केले. त्यासह इतर आरोपांवरून इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मविरोधी मतांचा तपास करणाऱ्या न्यायालयाने, त्याला १५७२ मध्ये अटक केली. सुमारे पाच वर्षांनी सुटून तो परत आला. तो शिकवीत असे तो वर्ग ओबडधोबड लाकडी बाकांसह आजही जतन केलेला आहे. विसाव्या शतकात लेखक आणि तत्त्वचिंतक मिगेल दे उनामुनो इथे अनेक वर्षे रेक्तोर होता. यादवी युद्ध पेटल्यावर १२ ऑक्टोबर १९३६ रोजी त्याने भर सभेत लष्करी अधिकाऱ्यांच्या समोर त्यांच्या हिंसेचा निषेध केला. त्याला पदावरून दूर केले गेले, आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी तो वारला.

सालामांका ते गोवा

महाराष्ट्राचा आणि गोव्याचा या विद्यापीठाशी धागा एका विद्यार्थ्यामुळे जुळतो. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगालमध्ये सुमारे १५०१ साली जन्मला. त्याचे आईवडील स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंपैकी. तो सालामांका आणि आल्काला या दोन स्पॅनिश विद्यापीठांत वैद्यक शिकला, म्हणजे अगदी आजच्या अर्थाने परदेशी शिकायला गेलेला विद्यार्थी. १५३४ मध्ये तो गोव्याला आला आणि पुढचे सारे आयुष्य इथेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्याचा स्नेह होता, त्याच्यावर तो उपचार करी. मुंबई बेट त्याला पोर्तुगीज सरकारकडून भाडेपट्ट्याने मिळाले होते.

१५६३ साली गोव्यातच त्याचा पोर्तुगीज ग्रंथ छापून निघाला. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पती, फळे, मसाले आणि रोग यांच्यावरचे हे संवाद आहेत. आंबा, फणस, नारळ, हिंग, पटकी यांची प्रत्यक्ष पाहून केलेली वर्णने त्यात आहेत. इथल्या वैद्य-हकिमांना विचारून त्याने स्थानिक नावेही नोंदवली. ग्रंथात प्रश्न विचारणारा रुआनो हा काल्पनिक डॉक्टर सालामांका आणि आल्कालातला त्याचा जुना ओळखीचा दाखवला आहे. विद्यापीठातले पंडित ग्रीक आणि अरब ग्रंथांचे दाखले देतात, आणि ओर्ता ‘मी इथे स्वतः पाहिले’ या बळावर त्यांना उत्तर देतो, अशी त्या ग्रंथाची रचना आहे. १५६७ मध्ये त्याचे लॅटिन संक्षिप्त भाषांतर निघाले आणि ती माहिती युरोपभर पसरली. ओर्ता १५६८ मध्ये गोव्यात वारला. १५८० मध्ये इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. आज पणजीतल्या एका जुन्या बागेला त्याचे नाव आहे.

परक्यांसाठी लिहिलेले व्याकरण

भाषाशिक्षणाच्या इतिहासात सालामांकाचे स्थान १४९२ या वर्षाने पक्के केले. अंतोनियो दे नेब्रिखा या अध्यापकाने लिहिलेले कास्तियन म्हणजे स्पॅनिश भाषेचे व्याकरण त्या वर्षी १८ ऑगस्टला इथे छापून झाले. युरोपातल्या बोलीभाषेचे छापील स्वरूपातले हे पहिले पूर्ण व्याकरण मानले जाते. तोवर व्याकरण म्हणजे लॅटिनचे, ही समजूत होती. पुस्तकाचा पाचवा आणि शेवटचा भाग तर खास परभाषिकांसाठी आहे. ज्याला स्पॅनिश येत नाही त्याने ती कशी शिकावी, याची तिथे क्रमवार मांडणी आहे. स्पॅनिश ही परकी भाषा म्हणून शिकवण्याचे शास्त्र इथे सुरू झाले असे म्हणायला हरकत नाही.

परदेशी विद्यार्थी तेव्हाही येत होते. १५९२ मध्ये राजा फेलिपे दुसरा याच्या आश्रयाने इथे आयरिश विद्यार्थ्यांचे महाविद्यालय निघाले. मायदेशी कॅथलिक शिक्षणावर बंदी आलेली ही मुले इथे शिकत. ते महाविद्यालय विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालले. आणि १९२९ पासून विद्यापीठ परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्पॅनिशचे वर्ग चालवते. आज ते वर्षभर चालतात. काही आठवड्यांच्या तोंडओळखीपासून पदवीच्या तयारीपर्यंत सगळ्या पायऱ्या त्यात आहेत.

अटलांटिकच्या पलीकडेही हा वृक्ष वाढला. १५५१ साली पेरूत लिमा येथे आणि मेक्सिकोत विद्यापीठे स्थापन झाली ती सालामांकाच्या नमुन्यावर. लिमाचे सान मार्कोस विद्यापीठ आजही चालू आहे. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठात १९२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांना स्पॅनिश आणि मेक्सिकोची संस्कृती शिकवली जाते. त्याच मेक्सिकोत एका मराठी माणसाने स्पॅनिशमधून अध्यापन केले. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर चळवळीतले क्रांतिकारक १९२० च्या दशकात मेक्सिकोला गेले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिव्हेराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. परकी भाषा मन लावून आत्मसात केली की माणूस त्या समाजाला किती देऊ शकतो, याचे याहून मोठे मराठी उदाहरण मला माहीत नाही.

मराठी कानाला स्पॅनिश

स्पॅनिश सुमारे वीस देशांची राजभाषा आहे, संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक आहे, आणि तिला मातृभाषा मानणारे लोक पन्नास कोटींच्या जवळ आहेत. मराठी माणसाला ती इंग्रजीपेक्षा काही बाबतींत जवळची वाटते. तिचे ‘त’ आणि ‘द’ दाताला जीभ लावून उच्चारायचे, आपल्यासारखेच. ‘प’, ‘त’, ‘क’ म्हणताना इंग्रजीसारखा श्वासाचा झोत सोडायचा नाही. लिहिले तसे बहुतांश वाचायचे. ‘मला पुस्तक आवडते’ या वाक्यात जसे पुस्तक कर्ता आणि ‘मला’ चतुर्थीसारखे रूप असते, नेमकी तीच रचना स्पॅनिशमध्ये आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांना ती शिकायला महिने लागतात, मराठी विद्यार्थ्याला ती पहिल्याच आठवड्यात पटते. क्रियापदाच्या रूपावरून कर्ता कळतो म्हणून सर्वनाम गाळणे, नामाच्या लिंगाप्रमाणे विशेषण बदलणे, हेही आपल्या सवयीचे.

अवघड काय ते आधीच माहीत असावे. ‘असणे’ या एका क्रियापदाच्या जागी तिथे दोन आहेत. एक मूळ स्वरूप सांगते, दुसरे स्थिती आणि ठिकाण. इच्छा, शंका, भीती व्यक्त करताना क्रियापदाची निराळी रूपे वापरावी लागतात, आणि विद्यापीठातल्या लेखनात त्यांच्याशिवाय पान हलत नाही. शिवाय देशागणिक उच्चार बदलतात. सालामांकात ‘सेर्वान्तेस’ म्हणताना जीभ दातांमध्ये येते, मेक्सिकोत साधा ‘स’ ऐकू येतो.

भाषेची पातळी युरोपीय मोजपट्टीवर अ-१ पासून क-२ पर्यंत सहा पायऱ्यांत मोजतात. स्पॅनिशमधून पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे तर सर्वसाधारणपणे चौथी पायरी, ब-२, हवी. त्यासाठी ‘देले’ ही परीक्षा आहे. तिचे प्रमाणपत्र इन्स्तितुतो सेर्वान्तेस ही संस्था स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीने देते आणि ते कायम वैध असते. दुसरी ‘सिएले’ ही संगणकावर घेतली जाते. सेर्वान्तेस संस्था, सालामांका, मेक्सिकोचे राष्ट्रीय विद्यापीठ आणि ब्वेनोस आइरेस विद्यापीठ यांनी मिळून ती चालवली आहे. तिची वैधता पाच वर्षे. सेर्वान्तेस संस्थेचे भारतातले केंद्र नवी दिल्लीत आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात स्पॅनिशची पदवी घेता येते, आणि पुण्यामुंबईतही चांगले वर्ग चालतात.

वर्गात आणि घरात

स्पेनमध्ये पदवीचा अभ्यासक्रम बहुधा चार वर्षांचा, २४० श्रेयांकांचा असतो. मास्टर ६० ते १२० श्रेयांकांचे. एक श्रेयांक म्हणजे वर्ग, वाचन आणि गृहपाठ मिळून २५ ते ३० तासांचे काम. गुण दहापैकी. पाचला उत्तीर्ण, सातला ‘नोताब्ले’, नऊला ‘सोब्रेसालिएन्ते’. आपल्याकडच्या नव्वद टक्क्यांच्या सवयीने पाहू नये. सात हे तिथे चांगले गुण आहेत. शेवटी प्रबंधिका लिहून परीक्षकांसमोर तोंडी मांडावी लागते, अर्थात स्पॅनिशमध्ये. स्पेनमधले प्राध्यापक विद्यार्थ्यांशी ‘तू’ या रूपात बोलतात आणि विद्यार्थ्यांनीही त्यांना तसेच म्हणणे सर्रास चालते. लॅटिन अमेरिकेत अनेक ठिकाणी आदरार्थी रूपच योग्य ठरते. ‘सर, मॅडम, अहो’ यांत वाढलेल्या मराठी मुलामुलींना सुरुवातीला जड जाते. समोरचा कसे बोलतो ते ऐकून आपण तसे बोलावे.

बहुतेक विद्यार्थी दोघे-तिघे मिळून घर भाड्याने घेतात. एका महिन्याचे भाडे अनामत ठेवायचे, हा तिथला कायदा आहे. दुपारचे जेवण दोन-तीनला, रात्रीचे नऊ-दहाला. शाकाहारी माणसाने ‘मांस नको’ एवढे म्हणून भागत नाही. डुकराचे हॅम आणि टूना मासा नको, हेही सांगावे लागते, कारण पुष्कळांच्या लेखी ते मांसात धरलेच जात नाही. जवळचे गिखुएलो गाव हॅमसाठीच प्रसिद्ध आहे. पण याच प्रांतातली ला आर्मुन्याची मसूर नावाजलेली आहे आणि शेजारच्या फुएन्तेसाउको गावचे हरभरे त्याहून. घरी कुकर आणि फोडणीची सोय असली की मराठी पोट तिथे उपाशी राहत नाही.

विद्यार्थ्यांनी शहराला आपले सणही दिले आहेत. डिसेंबरमध्ये सुट्टीला घरी जाण्याआधी हजारो विद्यार्थी अठराव्या शतकात बांधलेल्या प्लासा मायोर चौकात जमून आगाऊ नववर्ष साजरे करतात. स्पेनमध्ये मध्यरात्रीच्या बारा ठोक्यांना बारा द्राक्षे खातात. इथे त्याऐवजी गोड गोळ्या खातात.

तयारी कशी करावी

बारावीनंतर थेट पदवीला जायचे तर आपल्या बारावीची समकक्षता मिळवावी लागते आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या प्रवेशपद्धतीतून जावे लागते. ती वाट लांब आहे. भारतातली पदवी घेऊन मास्टरला जाणे तुलनेने सोपे, कारण त्या प्रवेशासाठी पदवीची सरकारी समकक्षता लागत नाही, विद्यापीठ स्वतः तपासून घेते. तिसरी वाट म्हणजे भारतात शिकत असतानाच एखादे सत्र किंवा उन्हाळी भाषावर्ग करणे. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हीच सुचवीन.

कागदपत्रांवर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्तिल, म्हणजे कागद खरा असल्याचे परदेशात चालणारे प्रमाणपत्र, हवे आणि स्पेन सरकारने नेमलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराचे स्पॅनिश भाषांतर हवे. स्पेनमध्ये प्रत्येकाला वडिलांचे आणि आईचे अशी दोन आडनावे असतात. आपली नावे मात्र स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव अशी. प्रत्येक अर्जात पासपोर्टवर आहे तसेच, अक्षरही न बदलता लिहावे, नाहीतर प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव आडनाव होऊन बसते. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचे असेल तर पोचल्यावर महिन्याभरात परदेशी व्यक्तीचे ओळखपत्र काढण्याची प्रक्रिया सुरू करावी लागते. आर्थिक पुराव्याची रक्कम आणि कामाच्या तासांचे नियम बदलत असतात, म्हणून ते मुंबईतल्या स्पेनच्या वाणिज्य दूतावासाच्या अधिकृत माहितीतूनच तपासावेत, कोणा दलालाच्या तोंडून नव्हे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भाषा. तिथे गेल्यावर शिकू, हा हिशेब महाग पडतो. ब-२ ला पोचायला नियमित अभ्यासाची दीड-दोन वर्षे धरावीत. ज्याला स्पॅनिशमधून इतिहास, कायदा, स्थापत्य किंवा शेती शिकायची आहे, त्याने ते विषय जाण्याआधीच स्पॅनिशमध्ये वाचायला लागावे. आठशे वर्षे या विद्यापीठाने परक्यांना जवळ केले आहे, आणि प्रत्येकाकडे एकच गोष्ट मागितली आहे, वर्गात चाललेली भाषा समजण्याइतकी तयारी. ती करून जाणाऱ्याला सालामांकात एका देशाची नव्हे, वीस देशांची दारे उघडतात. मराठी मुलामुलींनी इंग्रजी बोलणाऱ्या चार देशांपलीकडे पाहावे, आणि पहिला धडा आजच सुरू करावा.